केबलकाका आणि गावाचं चॅनल

केबलकाका कधी समोर बघून चालले नाहीत. मान वर, नजर तारेवर. कुणी नमस्कार केला तर अंदाजानं हात हलवायचे, पण कुणाच्या पत्र्यावरची वायर ढिली झाली ते लांबून दिसायचं. जाफराबादच्या शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या समोरच्या खोलीत राहायला आले, आणि आजही तिथंच आहे.

काकांच्या केबलवर देशभरातली चॅनलं दिसायचीच. काकांनी त्यात एक जास्तीचं, गावाचं स्वतःचं चॅनल काढलं. संध्याकाळी त्यावर गावातली लग्नं लागत. कॅमेरा काकांच्याच हातात. नवरीपेक्षा पंगतच जास्त दाखवायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "नवरी एकच राहती बाई. जेवनारे समदे सोताला हुडकून राह्यलेत." आणि खरंच, घरोघरी माणसं टीव्हीजवळ सरकून स्वतःला शोधत बसलेली असायची.

गावात कुणी वारलं की मात्र गाणी बंद. दिवसभर त्या माणसाचा फोटो, बाजूला दिवा, आवाज नाही. "मयत गावात अन् गानं टीव्हीत, हे आपल्याच्यानं होनार न्हाई." जात विचारून काकांनी फोटो लावल्याचं मी पाहिलं नाही.

मग जयंती आली. काका बौद्ध, भीमजयंतीची मिरवणूक त्यांनी पहिल्यांदाच थेट दाखवली. काकू खांद्यावर वायरचं वेटोळं घेऊन त्यांच्या मागं मागं चालत होत्या. दोघं इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या गल्लीतल्या सगळ्या वायरी कापून रस्त्यावर टाकलेल्या. तिथल्या आबांच्या मुलानं काकांना भर चौकात सुनावलं, "आमच्या घरात ते दाखवायचं न्हाई." या आबांच्या घरची सगळी लग्नं काकांनीच दाखवली होती. काका घरी येऊन मला म्हणाले, "लग्न त्यांचं व्हतं तवा वायर बराबर व्हती. मिरवनूक आपली आली अन् विटाळली का?"

थोड्याच दिवसांत आबा वारले. काकांनी गाणी बंद केली, फोटो लावला. मला संताप आला. म्हटलं, "कशाला? त्यांच्या घरी तर दिसणारसुद्धा नाही."

"गावाला तं दिसन. मानूस गेलं बाई, आता वायर पाहायची का?"

वरच्या गल्लीनं डिशच्या छत्र्या बसवल्या, मग तिचं पाहून बाकीच्यांनी. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच चॅनल बंद पडलं. काका नंतर लोकांचे पंखे, मिक्सर दुरुस्त करायचे. रस्त्यानं चालताना मान मात्र वरच असायची, तारा नव्हत्या तरी.

मागच्या उन्हाळ्यात काका गेले. अंगणात बुद्धवंदना चालू होती आणि रस्त्यानं वरात आली, आबांच्या नातवाची. डीजे असा, की भिंती हादरत होत्या. दाराशी आल्यावर तरी आवाज कमी करतील, असं मला वाटलं. वरात तिथंच थांबली आणि नाचली. मी तावातावानं उठले, तर काकूंनी माझा हात धरला.

"राहू द्या बाई. त्यांना काय माहीत? सांगनारं च्यानलच बंद पडलं ना."

माहीत होतं. नवरदेवाच्या बापानं, आबांच्या त्याच मुलानं, अंगणात एकदा पाहिलं, काकांच्या फोटोसमोरचा दिवा पाहिला आणि डीजेवाल्याला हातानं पुढचं गाणं लावायला सांगितलं.