सत्तावीस मिनिटांचं आवतण

मला धीर धरता येत नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी चार वेळा स्वयंपाकघरात डोकावून येते. त्यामुळे लोककलावंतांच्या ध्वनिमुद्रणाला अनुदान देणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेची जाहिरात मोबाईलवर दिसली, तेव्हा मी पेटीचा क्लास चालू असतानाच उठले. समोर सहा मुली 'सा' लावून बसल्या होत्या. त्यांना तशाच 'सा'वर सोडून मी अंगणात गेले आणि फोन लावला.

फोन लावला तो पारनेर तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या गोंधळी बाबांना. माझ्या लग्नानंतर केडगावच्या आमच्या घरी देवीचा गोंधळ घातला तो या बाबांनीच. गोंधळात कथा सुरू होण्याआधी गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलवायचं असतं. बाकीचे गोंधळी तुळजापूर, माहूर, कोल्हापूर करून पाच-सात मिनिटांत मोकळे होतात. बाबा मात्र तिथून पुढे पारनेरपासून कर्जतपर्यंतची एकेक ओढ्याकाठची, माळावरची, शिवेवरची देवी बोलावतात. ही यादी कुठे लिहिलेली नाही. ती बाबांच्या गळ्यात होती, आणि नेमकी त्याच गळ्यात गाठ निघाली होती.

नगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन लगेच करा म्हणून सांगितलं. बोलण्यापुरता आवाज राहील, गाण्याचं सांगता येत नाही, असंही म्हणाले. बाबा तिथून उठले आणि घरी येऊन म्हणाले, “आदी ह्या समद्यास्नी कुटं तरी नीट ठिवतो. मंग बगू तुमची सुरी.”

त्यांच्याबरोबर संबळ वाजवणारा पुतण्या दिवसा टेम्पो चालवतो. त्याला निम्मी यादीसुद्धा पाठ नव्हती. तो मला म्हणाला, “बाई, तुमी तरी समजावा नानास्नी. माजं कायबी ऐकत न्हाईत.” मीही काय समजावणार? चांगल्या स्टुडिओचा खर्च माझ्या आवाक्यातला नव्हता आणि मोबाईलवरच्या खरखरीत आवाजाला बाबा 'ठेवणं' म्हणायला तयार नव्हते. म्हणून त्या जाहिरातीने मी उडालेच.

बाबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. “पैसं बी तेच देनार आन गानं बी तेच ऐकनार? लई भोळी मान्सं दिसत्यात, बाई.”

अर्जात 'प्रकल्पाची उद्दिष्टे' असा रकाना होता. बाबा म्हणाले, “लिवा, कुनी बोलवायचं ऱ्हाऊ नये.” मी तेवढंच लिहिलं. मग शोभा यावी म्हणून पुढे सांस्कृतिक, संवर्धन वगैरे चार जाडजूड शब्द घातले, आणि वाचून माझं मलाच हसू आल्यावर खोडून टाकले. आता उरला गाण्याचा नमुना. दहा मिनिटांपेक्षा एक सेकंदही जास्त नको, असं ठळक अक्षरांत बजावलं होतं.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी मी बाबांच्या घरी गेले. पंखा बंद केला, कोंबड्या बाहेर हाकलल्या, मोबाईल ज्वारीच्या डब्यावर टेकवून ठेवला. पुतण्याने संबळ सुरू केला, बाबांनी तुणतुणं छेडलं आणि आवाज लावला. दहावं मिनिट संपलं तेव्हा बाबा अजून पारनेर तालुक्यातच होते! मी हातवारे केले. त्यांनी डोळे मिटून घेतले. सगळे देव बोलावून झाले तेव्हा मोबाईलवर सत्तावीस मिनिटं दिसत होती. मी मात्र शेवटची काही मिनिटं घड्याळाच्या काळजीने बाहेर अंगणात फेऱ्या घालत होते, त्यातलं धड काही ऐकलंच नाही.

“बाबा, दहा मिनिटांत बसवा की हो!”

“बसवतो. कुनाला वगळू त्येवडं सांगा.”

एवढंच ना, म्हणून मी वही-पेन घेऊन बसले. त्यांनी सांगितलेली नावं उतरवली आणि पहिली काट मारली ती एका बाभळीखालच्या देवीवर. बाबा म्हणाले, “तिची तीनच घरं ऱ्हायलीत. आमी न्हाई बोलावलं तर तिला कोन बोलावतंय?” मी पेन दुसरीकडे नेलं. “ही तर तुमच्या सासूबाईंच्या म्हायेरची.” तिसरी काट काही मला मारवेना. मग मी चिडले. बाबांवर चिडले, स्वतःवर चिडले, त्या ठळक अक्षरांवर तर फारच. आणि त्याच तिरीमिरीत, रेंज येते त्या बांधावर उभी राहून, अख्खी सत्तावीस मिनिटं पाठवून दिली. काय व्हायचं ते होवो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाईल निवांत ऐकली आणि कपाळावर हात मारला. कर्जतकडची शेवटची देवी बोलावून झाल्यावर बाबांनी आवाज आणखी चढवला होता, “पुन्याची मंडळी, गान्याला हात देनारी मंडळी, गोंधळाला यावं हो यावं!”

मी तडक फोन लावला. “बाबा, हे काय केलंत? परीक्षकांना वाटेल आपण त्यांना मस्का लावतोय!”

“त्यात काय केलं? ज्येच्या जिवावर कार्य व्हायाचं, त्येला आवतान नगं?”

गोंधळाचा यजमान कोण, हे गोंधळी विसरत नसतो. फक्त यजमानाने अजून होकारच दिलेला नव्हता. आमचे हे म्हणाले, “देवी आल्या तर येतील, संस्था काही येत नाही.” मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही.

मग वाट पाहणं आलं, म्हणजे माझ्या मुळावरच. तिकडे बाबांनी ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलली. पुतण्याचा फोन आला की मी आधी तारखेचंच विचारायचे. माझ्या तिरीमिरीपायी अर्ज बाद झाला आणि बाबा गाठ घेऊन तसेच बसून राहिले तर?

फोन आला तेव्हा मी भाजी घेत होते. संस्थेतल्या बाई बोलत होत्या. “नियमाने तुमचा अर्ज बादच होता. दहा मिनिटांनंतर आम्ही ऐकत नाही. पण आमच्यातले एकजण फाईल चालूच ठेवून चहाला गेले, आणि खोलीत एकदम आम्हालाच हाक आली.” त्या हसल्या. “मग पुन्हा पहिल्यापासून सगळं ऐकलं. बोलावणं आलंय, तर येऊन जावं म्हणतो.”

ती मंडळी खरंच आली, बाबांच्या ओसरीवर बसून त्यांनी तीन तास गोंधळ ऐकला, आणि आठच दिवसांत मंजुरीचं पत्र आलं! मी घरात एकटीच ओरडले. शेजारच्या काकू उंदीर निघाला समजून काठी घेऊन धावत आल्या.

रेकॉर्डिंगसाठी ठरवलेला नगरचा स्टुडिओ एरवी निवडणुकीच्या प्रचाराची गाणी करतो. बाबांनी आधी तिथल्या गालिच्यावर नवं वस्त्र अंथरून तांदळाचा चौक मांडला, कलश ठेवला. ज्यांना बोलवायचं त्यांना बसायला जागा नको? रेकॉर्डिंग करणाऱ्या गृहस्थांनी न सांगता चपला बाहेर काढल्या.

काचेपलीकडे मी उभी होते. पारनेर झालं, नगर झालं, आणि कर्जतची वेस ओलांडताना बाबांना खोकल्याची ढास लागली. थांबेचना. मी काचेवर दोन्ही हात टेकले. पुतण्याने मान वर केली नाही, संबळ तेवढा हलक्या हाताने चालू ठेवला. बाबा पाणी प्यायले, त्यांनी डोळे पुसले आणि जिथे सुटली होती बरोबर त्याच देवीपासून हाक उचलली. एकही राहिली नाही. मी वही घेऊन एकेका नावावर खूण करत होते, शेवटी शेवटी तर मला अक्षरं दिसेनात.

“बाबा, फार सुंदर झालं,” ते गृहस्थ म्हणाले. “खोकल्याचा भाग मी काढतो. तरी हाताशी असावं म्हणून आणखी एकदा म्हणता का?”

बाबांनी तुणतुणं खाली ठेवलं. “नगं. ठिवलं ते ठिवलं.” मग पुतण्याकडे वळून म्हणाले, “लाव त्या डागदरला फोन. म्हनावं, आता कवाबी काप.”