मऊ चिरा

आमची गाडी महिन्यातून एकदा मुंबईहून मंडणगडकडच्या आमच्या वाडीत येते आणि रविवारी परत जाते. गाडीसोबत माझे यजमान येतात. खरं तर हे उलट लिहायला हवं, पण मला असंच सुचलं.

घाटवळणांनी पुढची चाकं लवकर झिजतात. म्हणून दर सहा महिन्यांनी ते अंगणातच पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करायचे. आधी हँडब्रेक ओढायचा, जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून धोंडे लावायचे, गाडी खाली असतानाच नट थोडे सैल करायचे आणि मगच जॅक चढवायचा. बघून बघून मला हे पाठ झालं होतं. माझं काम सूप धरून बसायचं. काढलेले नट ते सुपात टाकायचे आणि परत लावताना मी एकेक द्यायची. तेवढा तासभर ते माझ्याशी बोलायचे. बोलणं टायरचंच, "हा बघ, बाहेरच्या अंगानं कसा खाल्लाय," पण माझ्याकडे बघून. एरवी त्यांचं लक्ष फोनमध्ये असतं आणि मला आपणहून विषय काढता येत नाही.

पलीकडची जाऊ एकदा कुंपणावरून म्हणाली, "काय गो, दादल्याशी बोलायला तुला टायरच लागतात होय?"

मी हसले. खरंच लागत होते.

गेल्या बुद्धपौर्णिमेला ते आले. पुढचं डावं चाक काढण्याआधी त्यांनी आधाराला म्हणून पडवीतला एक जांभ्या दगडाचा चिरा गाडीखाली ठेवला. आमच्याकडे काहीही टेकवायचं असलं की चिराच हाताशी येतो. ठेवताना तो भद्द वाजला.

माझे वडील चिरेखाणीवर होते. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून मी त्यांची भाकरी घेऊन खाणीवर जायची. चांगला चिरा ठोकला की खणखणतो आणि मऊ चिरा भद्द वाजतो, हे तिथंच शिकले. या चिऱ्यात तर पिवळ्या मातीची शीरही दिसत होती.

"हा नको" एवढंच म्हणायचं होतं. पण ते रंगात येऊन बोलत होते. वाटलं, गाडीतलं आपण त्यांना काय शिकवायचं? मी सूप धरून गप्प बसले.

चाक निघालं. एक नट घरंगळत गाडीखाली गेला. तो घ्यायला त्यांनी हात घातला, तेवढ्यात भुसभुशीत मातीत जॅक खचला. गाडीचा भार चिऱ्यावर आला आणि चिऱ्याचा भुगा झाला. त्यांनी हात ओढला, पण अंगठ्याचं नख गेलं. नखावर निभावलं.

मी हळद दाबून चिंधी बांधली. त्यांचा हात माझ्या हातात होता. तेव्हाही मी बोलले नाही.

"आता मुंबईतच दुकानात करून घेईन," ते म्हणाले. "तिथं मशीनवर पटकन होतं."

पुढे सहा महिने होत आले, तेव्हा मी चिऱ्याच्या जागी म्हणून वखारीतून ऐनाच्या टणक लाकडाचा रुंद ओंडका आणला. जॅकखाली घालायला जाड फळीही आणली. ते यायच्या आदल्या दिवसापासून मी वाक्य जुळवत होते. चहा देताना ते एकदाचं बाहेर पडलं.

"चाकं इथंच करा ना. तो चिरा मऊ आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "मग बोललीस का नाय?"

"बोलायला जमलं नाय."

"माझा हात गेला असता गो."

"हो."

त्यांनी अंगठ्याचं नवं नख चोळलं. मग म्हणाले, "परवाच केलीत दुकानात," आणि अंगणात गेले. ओंडका उचलून त्यांनी पाहिला. बोटांनी ठोकला, कान देऊन परत ठोकला. अंगणाला उतार आहे, म्हणून गाडीच्या मागच्या चाकाला लावून ठेवला.

रविवारी निघताना त्यांनी काच खाली केली. "ओंडका आत घे गो. वाळवी लागेल."

गाडी वळणापलीकडे गेली. मी ओंडका पडवीत नेला आणि फळीवर ठेवला. आता चाकं बदलायची ती वैशाखात.