सुखदाची केस

माझी धाकटी बहीण सुखदा भूल देणारी डॉक्टर. नव्वदनंतर नोएडात एकेक चकचकीत खाजगी हॉस्पिटल उभं राहू लागलं, तेव्हा सरकारी नोकरी सोडून ती त्यातल्या एकात गेली. एक ऑपरेशन संपायच्या आत दुसरं तयार. कंबर फारच दुखायला लागली म्हणून तिने एकदा पेशंटला देऊन उरलेलं पेथिडिन, अफूसारखी सवय लावणारं वेदनाशामक, स्वतःला टोचून घेतलं. पुढे ते रोजचं झालं. नवऱ्याला, राघवला, पत्ता नाही, मलाही नाही. आम्ही आपले म्हणायचो, बाई फार दमते.

शेवटी तिने स्वतःच तोंड उघडलं, तेही अविनाशपाशी. अविनाश तिचा पुण्याचा वर्गमित्र, करोल बागेत व्यसनमुक्तीचा दवाखाना चालवायचा. "आपल्यात केसपेपर कसला, यार?" म्हणाला. डॉक्टर डॉक्टरकडे जातात ते असेच, चहाच्या निमित्ताने. मला तर तो देवमाणूस वाटला होता! उपचार घेऊन सुखदा कामावर परतली. पण रोज हाताळायचं तेच औषध. म्हणून इच्छा उसळली की अविनाशला फोन करायचा आणि खरं ते सांगायचं, हा नियम. तिने तो वर्षानुवर्षं पाळला, म्हणून ती उभी होती.

मग एका रविवारी दिल्लीत डॉक्टरांची परिषद भरली. अविनाशचं भाषण म्हणून सुखदा हौसेने साडी नेसून गेली, मलाही ओढून नेलं. विषय, डॉक्टरांमधलं व्यसन. पडद्यावर अक्षरं उमटली: स्त्री, भूलतज्ज्ञ, मूळची पुण्याची, नोएडातलं खाजगी हॉस्पिटल, पायाच्या बोटांमध्ये सुयांचे व्रण. अशा नोएडात होत्या किती? तिच्याच हॉस्पिटलचे सर्जन मागे वळून तिच्याकडे बघू लागले. भाषणाला टाळ्या पडल्या आणि मेल्याने त्या हसत घेतल्या.

सोमवारी हॉस्पिटलने तिला ऑपरेशन थिएटरमध्ये यायची मनाई केली. संध्याकाळी अविनाश घरी आला.

"मी नाव कुठे घेतलं?"

"नाव सोडून सगळं घेतलंस," सुखदा म्हणाली. "मला विचारलंस तरी का?"

"अगं, केसपेपरच नव्हता, तर संमतीची सही कशावर घेणार? आणि तुझी केस सक्सेसफुल आहे. बाकीच्यांना धीर येईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुखदा मात्र हळू आवाजात म्हणाली, "कालपासून ते औषध डोळ्यांपुढून हलत नाहीये, अविनाश. हे आता मी कुणाला सांगू?"

"मला सांग ना," तो सवयीने म्हणून गेला.

सुखदा हसली. इतकं वाईट हसू मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.