डोळ्यात गोठणारा थेंब

"दिवसभर कॉलेजात तू करतीस तरी काय?" असं सासूबाईंनी विचारलं, म्हणून एकदा बारामतीहून कन्हेरीला घरी येताना मी बर्फ घातलेल्या थर्मासमधून एक छोटी बाटली आणली. सासूबाईंना मी आत्या म्हणते. फार्मसी कॉलेजात शिकवते आणि तिथल्या लॅबमध्ये एका जेलवर काम करते. गार असताना ते पाण्यासारखं पातळ असतं, अंगाची ऊब लागली की घट्ट होतं. त्यात औषध मिसळलं की ते वाहून जात नाही, जागेवर थांबून हळूहळू सुटतं.

बाटलीत औषध नव्हतं, नुसतं जेल होतं. आत्यांच्या तळहातावर थेंब टाकला आणि तो बघता बघता गोठला. त्यांनी हात तिरका केला तरी ओघळेना.

"आगं, जित्तं हाय का काय हे?" म्हणत त्यांनी मोरीत जाऊन हात साबणानं धुतला, मग पुन्हा धुतला. मला हसू आलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आत्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत रोज सकाळी एकेक थेंब घालायला सांगितला. हे औषधही डोळ्यातल्या पाण्याशी गाठ पडली की घट्ट होणारं, म्हणून दिवसातून एकदाच पुरणारं. थेंब घातल्यावर थोडा वेळ अंधुक दिसेल, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. आत्यांना ते ऐकू गेलं नसावं, किंवा पटलं नसावं.

थेंब मी घालायचे. चार-सहा दिवसांत त्या आधी बाटलीकडं आणि मग माझ्याकडं बघायला लागल्या. थेंब पडला की लगबगीनं मोरीत जायच्या. नळ वाहायचा. मी दाराबाहेर कान देऊन उभी राहायचे. बाहेर आल्या की पदर ओला.

"डोळे धुतले का?"

"तोंड धुतलं. तेबी इचारून धुवायचं का?"

पुढच्या तपासणीत डोळ्यांतलं प्रेशर जराही उतरलेलं नव्हतं. "औषध रोज घालता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"सून घालती की. काय घालती ते तिलाच ठावं."

डॉक्टरांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. माझे कान तापले.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरच आत्या थांबल्या. "कॉलेजात बनवून आणतीस आन् माझ्या डोळ्यांवर करून बघतीस. हातावर गोठलं, तसंच डोळ्यात गोठतंय. साय आल्यागत दिसतंय मला."

"आत्या, ते दुकानातलं सीलबंद औषध आहे."

"मग आधी तुझ्या डोळ्यात घाल."

तिथंच मी अडकले. मला दमा आहे आणि दमेकऱ्याला हे औषध चालत नाही. डोळ्यात घातलं तरी धाप लागू शकते. तसं मी सांगितलं.

"बघ," आत्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. "आईचं मनावर घेऊ नकोस," तो म्हणाला. मग ताटातून मान वर न करता म्हणाला, "पण तू तसलं काही आणत नाहीस ना आता घरी?"

आत्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी इंदापूरला धाकट्या बहिणीकडं पाठवली. मावशी तिकडच्या दुकानातून बाटली घेऊन स्वतः आल्या. दोघी ओसरीवर बसल्या, सील मावशींनीच फोडलं. मला जवळ बोलावलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. थेंब पडला. आत्यांनी डोळ्यांची उघडझाप केली, अंगणाकडं पाहिलं.

"अक्का, कसं दिसतंय?" मावशींनी विचारलं.

"तसंच. साय आल्यागत." मग बाटली हातात फिरवत म्हणाल्या, "हिची बाटलीबी अशीच हाय म्हनायची."

त्या दिवशी त्या मोरीत गेल्या नाहीत. तिथंच बसून राहिल्या आणि थोड्या वेळानं साय गेली. दुसऱ्या दिवसापासून थेंब पुन्हा मी घालू लागले, पण त्या मोरीत जाईनात.

त्यानंतरच्या तपासणीत प्रेशर उतरलेलं होतं. डॉक्टरांनी आत्यांचं कौतुक केलं, माझ्याकडं बघून हसलेही. घरी आल्यावर आत्यांनी मावशींना फोन लावला. मी पलीकडं भाजी निवडत होते, ते त्यांना दिसत होतं.

"औषध चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पन आता मी माझ्या हातानंच घालते."