गांगुर्डे मिस्त्रींचं काडतूस

गांगुर्डे मिस्त्रींसमोर कोणी ‘थोडंसं’ हा शब्द उच्चारला, की ते खिशातून व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, काढून त्याच्या हातात द्यायचे. “यात दाखवा थोडंसं कुठं लिहिलंय.” मग तो इंजिनिअर असो की मॅनेजर. अंबडच्या कारखान्यात मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून, म्हणजे आराखडे शाईने उतरवायला, लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्याही हातात तो व्हर्नियर आला. मी राग न धरता माप वाचून दाखवलं. तेव्हापासून त्यांनी मला ‘बाई’ म्हणायला सुरुवात केली. बाकीच्या ऑफिसला ते एकत्रितपणे ‘वरची मंडळी’ म्हणत.

आमच्या कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवायच्या विभागात, यायच्या आधी त्यांनी देवळाली कॅम्पच्या वर्कशॉपमध्ये बंदुका दुरुस्त करण्यात वीस वर्षं काढली होती. त्यामुळे शहरातल्या रायफल क्लबचं काही बिघडलं की क्लबचे सेक्रेटरी, ज्यांना सगळे दादासाहेब म्हणत, मिस्त्रींना बोलावणं धाडत. मिस्त्री सायकलवर जायचे, मागच्या फाटकातून आत शिरायचे, काम करायचे, त्याच फाटकातून परत यायचे. सभासदत्वाचा अर्ज त्यांनी दोनदा दिला होता. दोन्ही वेळा तो गहाळ झाला. एकदा त्यांनी क्लबच्या रायफलींना नवीन माशी बसवून दिली, नेम धरायची ती पुढची खूण. वर्षभराने क्लबच्या हॉलमध्ये पितळी पाटी लागली: ‘सुधारित माशी, संकल्पना दादासाहेब.’ मिस्त्री मला एवढंच म्हणाले, “बाई, पाटीचे स्क्रू पण वाकडे बसवलेत हो.” ते हसले नाहीत.

काडतुसाची गोष्ट त्यानंतरची. क्लबकडे जुन्या परदेशी रायफली होत्या आणि त्यांची काडतुसं मिळेनाशी झाली होती. स्टोअरमध्ये मात्र वापरलेल्या रिकाम्या केस, म्हणजे काडतुसाची पितळी नळकांडी, पेट्या भरून पडल्या होत्या. मिस्त्रींच्या मनात आलं, की याच जुन्या केसची मान, म्हणजे गोळी बसते तो भाग, आवळून बारीक गोळीचं नवीन काडतूस करायचं आणि रायफलीला बारीक नळी बसवायची. परवाना क्लबचा होता, कलेक्टर कचेरीची परवानगीही क्लबने काढली. डोकं आणि हात मिस्त्रींचे.

“बाहेरच्या देशात कसं हाय, बाई,” ते मला सांगत, “जुन्या केसमधून जो नवीन काडतूस काढतो, त्याचं नाव काडतुसाला लागतं. माणूस मरतो, काडतूस त्याच्या नावानं दुकानात मागतात.” एवढीच त्यांची इच्छा होती. माणूस मितभाषी, पण हे वाक्य त्यांनी मला निदान दहादा ऐकवलं असेल.

वर्षभर ते त्यामागे होते. मान किती आवळायची, मानेखालच्या खांद्याचा उतार किती ठेवायचा, एकेक डाय, म्हणजे पोलादी साचा, त्यांनी स्वतः घासून बनवली. हाताने केलेली पहिली वीस काडतुसं क्लबच्या रेंजवर झाडली, तेव्हा ओळीने पाच गोळ्या कोटाच्या बटणाएवढ्या जागेत बसल्या. दादासाहेब तिथेच होते. “वा मिस्त्री,” म्हणाले, “आता ड्रॉइंग तेवढं द्या आणून.”

ते ड्रॉइंग मी केलं, जेवणाच्या सुट्टीत, सहा दिवस. खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये आराखडा करणाऱ्याचं नाव घातलं: बी. टी. गांगुर्डे. एका बाबतीत आमचं वाजलं. मान आवळताना पितळ कडक होतं. ते प्रत्येक टप्प्यानंतर तापवून मऊ केलं नाही, तर काही आठवड्यांत नुसतं पेटीत पडल्या पडल्या तडकतं. ही सूचना मी रीतीप्रमाणे वरच्या टिपांमध्ये लिहायला घेतली, तर मिस्त्री अडून बसले.

“तिथं नाय. खाली लिहा. माझ्या नावाला खेटून.”

“मिस्त्री, अशी पद्धत नाही.”

“पद्धत वरच्या मंडळींची. ड्रॉइंग माझं हाय.”

म्हातारपणी माणसाला नावाचा सोस लागतो, असं मनाशी म्हणत मी लिहिलं.

पंधरा दिवसांनी मिस्त्री माझ्या टेबलापाशी आले. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांचा जुना सोबती होता. क्लबची दोनशे काडतुसं तिथे व्हायला टाकली होती आणि ड्रॉइंगची प्रत त्याने मिस्त्रींना दाखवली होती. खालची पट्टी ब्लेडने कापून तिथे नवीन चिकटवली होती. आराखडा: दादासाहेब. माझी सहा दिवसांची मेहनतही त्या पट्टीत गेली होती, ट्रेसर म्हणून माझी आद्याक्षरं तिथेच होती. मला संताप आला. मिस्त्री मात्र शांत होते.

“नावाबरोबर काय गेलं, बघितलं का?” त्यांनी विचारलं.

मी बघत राहिले. टीप गेली होती.

“तुम्हाला माहीत होतं?”

“माशीच्या ड्रॉइंगची पण पट्टीच कापली होती, बाई. माणूस सवय सोडत नाय.”

दीड महिन्याने क्लबमध्ये मोठा समारंभ झाला. देवळालीहून तोफखान्याचे अधिकारी, पुण्याचे नेमबाज, सगळे आले. आमचे मॅनेजर सभासद, म्हणून पाहुण्यांची नावं रंगवायला मला नेलं होतं. मिस्त्रींना फाटकावरच सांगण्यात आलं, “आज पाहुणे आहेत, उद्या या.” ते फाटकाच्या गजांना धरून उभे राहिले. तिथून रेंज नीट दिसत होती.

दादासाहेबांनी भाषण केलं. जुन्या केसचं सोनं कसं केलं, ते सांगितलं. मग पेटी उघडून पहिलं काडतूस एका मेजरांच्या हातात दिलं. मेजरांनी ते उन्हात धरलं, मानेवरून नख फिरवलं. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. प्रत्येकाच्या मानेवर धाग्यासारखी बारीक उभी भेग होती.

“गर्दन नरम नहीं की?” मेजरांनी विचारलं.

“म्हणजे?” दादासाहेब म्हणाले.

“डिझाइन आपका है ना?”

कोणी मोठ्याने हसलं नाही. पुण्याचे एक गृहस्थ रुमालात खोकले, तेवढंच. दादासाहेबांचा चेहरा मी पुरेपूर पाहून घेतला. मिस्त्रींना तंतोतंत सांगायचा होता.

नंतर मी त्यांना विचारलं, “आणि कोणी न बघता भरून झाडली असती तर?”

“मग फाटकावर कशाला उभा होतो? एकानं जरी रायफल उघडली असती, तर आत घुसून बोंब मारली असती. मला त्यांचा डोळा नको होता. मान खाली पाहिजे होती.”

दोन दिवसांनी दादासाहेब स्वतः टूलरूममध्ये आले. तिथे त्यांना आयुष्यात कोणी पाहिलं नव्हतं. “मिस्त्री, झालं गेलं. डाय आणि युक्ती द्या. दोघांचं नाव लावू. आधी माझं, मग तुमचं.”

मिस्त्रींनी कपाटातून चारही डाय काढल्या. ग्राइंडर सुरू केला आणि एकेक डाय त्यावर धरली. ठिणग्या दादासाहेबांच्या पँटपर्यंत उडत होत्या. चौथी संपल्यावर मशीन बंद करून ते म्हणाले, “साहेब, डिझाइन तुमचं हाय. दुरुस्ती पण तुम्हीच करा.”

त्या चार डायमध्ये त्यांचं वर्ष होतं. ते काडतूस पुन्हा कधी झालं नाही, कोणाच्याच नावाने नाही. मी त्यांना सरळ म्हणाले, की हा मूर्खपणा झाला. नाव लागायची एकच वाट होती, ती तुम्ही घासून टाकलीत. ते म्हणाले, “दुसरं नाव म्हणजे नाव नसतं, बाई. ती मेहेरबानी असते.” मला हे तेव्हा पटलं नाही. पुढे मी हेड ट्रेसर झाले आणि माझ्या ड्रॉइंगवर दुसऱ्याच्या सह्या पाहिल्या, तेव्हा पटलं.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी मिस्त्री गेले. वस्तीतल्या विहारात शोकसभा झाली. कारखान्यातली माणसं आली आणि सगळ्यांना आश्चर्य वाटलं, दादासाहेबही आले. त्यांना बोलायला उभं केलं. “आमचा मिस्त्री,” त्यांनी सुरुवात केली, “आमचा मिस्त्री म्हणजे सोन्यासारखा माणूस. आमचा मिस्त्री...”

पहिल्या रांगेतून मिस्त्रींच्या बायको, आमच्या वहिनी, उठल्या. “साहेब, त्यांचं नाव घ्या.”

“गांगुर्डे,” दादासाहेब म्हणाले.

“पूर्ण घ्या.”

दादासाहेब थांबले. पंधरा वर्षं ते त्यांना हाका मारत होते. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग माणसांकडे, मग ओळखीची म्हणून माझ्याकडे. भिकाजी तुकाराम. मला झोपेतही सांगता आलं असतं. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि गप्प बसले.

वहिनींनी त्यांना पुरेसा वेळ दिला.

“मग बसा,” त्या म्हणाल्या.