तारेतली हाक

दिग्रसला माझा इंजिनिअर मित्र आणि मी घरच्या घरी एक वाद्य बनवत होतो. सर्किट त्याचं, सूर माझे. तांब्याच्या तारेजवळ हात नेला की सूर चढायचा, मागे घेतला की उतरायचा.

आम्ही ते एका कार्यक्रमात वाजवलं आणि दुसऱ्याच दिवशी ढाणकीहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील. बोलताना पदर गळ्याशी घट्ट धरायच्या. गळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"गाणं वाजवायचंय का?" मी विचारलं.

"नाही जी. माह्या माणसाले दिसत नाही. मी घरात आहो, हे त्याले कसं समजन?"

त्यांनी हात तारेजवळ नेला. सूर किंचाळला, तशा त्या दचकल्या. मग बराच वेळ त्या नवऱ्याच्या नावाची हाक शोधत राहिल्या. पहिलं अक्षर खाली, दुसरं वर चढवून लांबवलेलं. जमल्यावरही हसल्या नाहीत.

"त्याले ओळखू येईन ना?"

आम्ही वाद्य त्यांना देऊन टाकलं, सोबत माझा नंबर दिला.

पुढे महिनोन्‌महिने काहीच कळलं नाही. मग एकदा अनोळखी नंबरवरून फोन आला. मी दोनदा हॅलो म्हटलं, पण पलीकडे कोणी बोलेना. तेवढ्यात ती हाक ऐकू आली, जराशी बेसूर, आणि लांबून एका पुरुषाचा आवाज, "आलो वं, आलो."