साडूंची सतरंजी

आमच्या साडूंइतकं गाणं बसून ऐकलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. आणि या वाक्यात त्यांचा स्वतःचा भर 'गाण्या'पेक्षा 'बसून'वर असतो. खुर्चीवरून ऐकलेलं गाणं त्यांच्या हिशेबी गाणंच नव्हे. "खुर्चीत माणूस दाढी करून घेतो, पाव्हणे. गाणं न्हाई ऐकत," हे त्यांनी मला इतक्यांदा सुनावलंय, की न्हाव्याकडे गेलो तरी मला अपराधी वाटतं. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान, मुक्काम बदनापूर. माझ्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या तोंडावर त्यांनी सनईवाल्याला थांबवलं, सूर उतरलाय म्हणून. तो चढेपर्यंत मुहूर्त टळला. पुढे संसारात जे काही बेसूर झालं त्याचं खापर मी त्या सनईवर फोडतो, बायको माझ्या गळ्यावर.

दर हिवाळ्यात जालन्याच्या संगीत महोत्सवाला ते मला सोबत नेत. माझं काम सतरंजी वाहायचं. गाण्यातलं मला काडीचं कळत नाही. साडूंची मान हलली की अर्ध्या क्षणाने आपली हलवायची, एवढ्या भांडवलावर मी नातेवाइकांत रसिक म्हणून मिरवलो. तेव्हा महोत्सव म्हणजे शाळेचं मैदान, कडेला चपलांचा ढीग, मधे जाजमं, आणि मोठमोठे साहेबसुद्धा मांडी घालून. गवई तंबोरे जुळवायला लागले की साडू डोळे मिटत. जुळले की त्यांची मान एकदा हले, "लागला" म्हणत, आणि त्यानंतरच गाणं सुरू होतं अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. एका गायिकाबाईंनी तर एकदा खुंटी पिळता पिळता थेट त्यांनाच विचारलं होतं, "काय हो, लागला का?" त्या एका प्रश्नावर साडू आजवर जगत आलेत. अक्का म्हणतात, "भाजीत मीठ बराबर हाय का, हे मी रोज इचारते. त्याला मान हलत न्हाई यांची."

मग महोत्सव मोठा झाला. म्हणजे स्टेज मोठं झालं, पडदा मोठा झाला, प्रमुख पाहुणे मोठे झाले. लहान झालं ते फक्त गाणं. जाजमं गेली. पुढे पांढरे सोफे, मागे खुर्च्या, आणि ज्याच्या त्याच्या मनगटावर ज्याची त्याची लायकी सांगणारी रंगीत पट्टी. आधी दीपप्रज्वलन, मग शाली-नारळ, मग ज्यांनी शाली दिल्या त्यांना शाली. कर्णे असे, की तंबोरा छातीवर आदळतो पण कानात पोचत नाही. पूर्वी तंबोरे लावायला जितका वेळ जाई तेवढ्यात आता अख्खं गाणं आटपतं, कारण विंगेत फ्यूजनवाले ड्रम घेऊन उभे. लोक गवयाकडे पाठ करून फोटो काढतात. "ऐकायला न्हाई, दिसायला येऊन राह्यले लोकं," म्हणत साडूंनी जाणं सोडलं.

पण गेल्या हिवाळ्यात 'लागला का' विचारणाऱ्या त्याच गायिकाबाई येणार म्हणून कळलं. बाई आता थकलेल्या. साडूंचा डावा कान कधीचाच गेलेला, आणि उजव्याबद्दल डॉक्टरांनी "आहे तोवर आहे" म्हणून सांगितलेलं. "एकदा समोर बसून बाईंचं ऐकतो. मंग गेला तं जाऊ द्या कान," एवढं म्हणून त्यांनी सतरंजी माझ्या हातात दिली.

बाई स्टेजवर तंबोरे लावत होत्या. सोफे आणि स्टेज यांच्या मधल्या हिरव्या गालिच्यावर आम्ही चपला काढल्या, सतरंजी अंथरली आणि बसलो. साडूंनी डोळे मिटले. आता आमच्या जिल्ह्यात स्टेजसमोर सतरंजी टाकून म्हातारा माणूस डोळे मिटून बसला, तर त्याचा एकच अर्थ होतो. बंदोबस्तावरचा हवालदार उकिडवा बसून हळूच म्हणाला, "काका, मागण्या काय हायत?"

साडूंनी नुसताच हात वर केला: गप्प. हवालदार माझ्याकडे वळला. "आन् तुम्ही?"

"यांच्यासोबत आलोय."

"एक उपोषणकर्ता, एक समर्थक," त्याने वॉकीटॉकीत सांगितलं. मग पुन्हा साडूंना, "काका, काहीतरी सांगा ना. वरून विचारून राह्यलेत."

"एकच मागणी. आवाज बंद करा."

"कोणाचा?"

"सगळ्यांचा!"

हवालदार पांढरा पडला. मागच्या सोफ्यावर कुजबुज झाली. "कधीपासून बसलेत हो?" "सकाळपासून असतील. तोंड बघा ना कसं उतरलंय." तेवढ्यात प्रमुख पाहुणे स्वतः सोफ्यावरून उठून आले, हातात मोसंबीच्या रसाचा ग्लास. कॅमेरे गोळा झाले. साडू ओरडले, "अहो, गाणं ऐकायला आल्तो मी!" पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि ग्लास ओठांना लागला होता. साडूंचं उपोषण सुटलं. मग पाहुण्यांनी तिथेच माइक मागवून ज्येष्ठांच्या भावनांची गंभीर दखल घेतली, सविस्तर. स्टेजवर जुळलेला तंबोरा मांडीवर घेऊन बाई थांबल्या होत्या. भाषण संपलं तेव्हा निवेदिकेने वेळेअभावी म्हणून हात जोडले. बाईंनी एक छोटंसं भजन म्हटलं आणि उठल्या. ड्रम आत आले.

सतरंजीची घडी त्या दिवशी साडूंनीच घातली. बदनापूरपर्यंत ती स्वतःच काखेत वागवली. दारात म्हणाले, "बाईंचा वेळ आपणच खाल्ला, पाव्हणे." दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता, रस पिताना. अक्कांनी तो कुणाला दाखवला नाही.

यंदा महोत्सवाच्या संध्याकाळी मी आपला बदनापूरला गेलो. बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरलेली. तिच्यावर साडू, समोर विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी. पेटीला उजवा कान जवळजवळ टेकवून ते बटण फिरवत होते, पुढे, मागे, पुन्हा पुढे. मी चपला काढून शेजारी बसलो आणि सवयीने त्यांच्या मानेकडे बघत राहिलो. ती हलेना.

बऱ्याच वेळाने त्यांनी वर पाहिलं. "पाव्हणे," ते म्हणाले, "लागला का हो?"

मला, ज्याला सनई आणि पिपाणी यांतला फरक बायकोने समजावून सांगितलाय.

मी मान हलवली. माझ्याकडे बघत, अर्ध्या क्षणाने, त्यांची हलली.